चोवीस तासांचं पाणी

निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही. पहिल्या पानावर माझ्या मावसबहिणीने पट्टीने रेघा मारून तीन रकाने पाडले आहेत: तारीख, छाती, काख. खाली आकडे. ९०, १४०. ७५, १३०. ६०, १२०. एका पानावर चहाचा डाग आहे. एके ठिकाणी आकडा खोडून पुन्हा लिहिला आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन मावशी घरी आली, तेव्हा तिच्या काखेखालून दोन नळ्या बाहेर आलेल्या होत्या आणि त्यांतून येणारं पाणी आम्हाला रोज मोजून लिहायचं होतं. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'मोजमाप' असा कळवला, तेव्हा मी ती वही कपाटातून काढली आणि दुसऱ्या दिवशी परळला गेले.

या आजाराच्या गोष्टी आपण ऐकतो त्यांत गाठ असते, केमो असते, गळलेले केस असतात. नळी क्वचितच असते. ती दहा-पंधरा दिवसांची पाहुणी, म्हणून कदाचित. पण ज्या बाईच्या अंगात ती असते तिला ते दिवस विसरता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. त्यांतल्या ज्यांचा स्तन किंवा काखेतल्या गाठी काढल्या जातात, त्यांच्यातल्या बहुतेकींच्या वाट्याला ही नळी येते.

परळच्या फुटपाथवर

गणपती तोंडावर आले होते. लालबागेपासून मंडपांचे बांबू रस्त्यात आलेले, वर पावसाची बारीक रिपरिप. टाटा मेमोरियल रुग्णालयासमोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. ते याच रुग्णालयातले शल्यविशारद. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू झालं आणि तेव्हापासून या रस्त्यावर सगळ्या देशातली माणसं फायली छातीशी धरून उभी असतात.

जरा वेळ थांबलं की नळीवाल्या बायका ओळखू येतात. एका बाजूचं कोपर अंगाला चिकटलेलं असतं. पदर किंवा ओढणी त्या बाजूला जास्त ओढलेली असते. पाऊल जपून पडतं आणि समोरून कुणी घाईने आलं की हात आपोआप कमरेशी जातो, तान्हं पोर सांभाळावं तसा.

शस्त्रक्रियेनंतर नळ्यांसकट घरी सोडणं ही आता रीतच आहे. जखम ठीक असेल तर केवळ पाणी मोजण्यासाठी आठवडा-दोन आठवडे खाट अडवून ठेवणं मोठ्या रुग्णालयांना परवडत नाही, आणि रुग्णालाही घरचं अंथरूण बरं वाटतं. पण परभणीच्या, नंदुरबारच्या बाईचं घर परळपासून रात्रभराच्या प्रवासावर असतं. मग मुक्काम मुंबईतच पडतो. दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. कुणी नातेवाइकांच्या दहा बाय दहाच्या खोलीत राहतं, कुणाला तेही जमत नाही.

अशाच एका मुक्कामाच्या खोलीत मला परभणीकडच्या काकू भेटल्या. वय पंचावन्नच्या आसपास, सोबत थोरली सून. शस्त्रक्रियेला सहा दिवस झालेले. खोलीत आणखी दोन कुटुंबं, मध्ये साडीचा आडोसा. काकूंच्या उशाशी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा होता आणि पायथ्याशी दोन पारदर्शक डबे, एकात लालसर, एकात पिवळट पाणी. मी बघतेय म्हटल्यावर सुनेने चटकन त्यावर टॉवेल टाकला.

"राहू दे गं," काकू म्हणाल्या. "त्या त्याच्यासाठीच आल्यात ना."

आत पाणी का साठतं

स्तन काढला की वरची कातडी आणि खालचा छातीचा स्नायू यांच्यामध्ये पोकळी राहते. शरीराला पोकळी चालत नाही, ते ती पाण्याने भरतं. त्यातच काखेतल्या लसिकाग्रंथी काढलेल्या असतील तर हातातून येणाऱ्या लसिकेच्या बारीक वाटा तुटलेल्या असतात. त्यांतून पाझर सुरूच राहतो. बांध फुटलेल्या वाफ्यातलं पाणी जसं शेजारच्या खोलगट जागेत जाऊन बसतं, तसं. म्हणूनच वहीत काखेचा आकडा छातीपेक्षा बहुधा मोठा असतो. ज्यांची एखाद-दुसरीच पहारेकरी ग्रंथी, म्हणजे गाठीकडून लसिका आधी जिथे पोचते ती, तपासणीसाठी काढतात, त्यांच्या काखेत हा पाझर बराच कमी असतो.

पाणी आत राहिलं तर कातडी खाली चिकटत नाही, ताण पडतो, जंतूंना जागा मिळते. नळीचं काम दुहेरी आहे: पाणी बाहेर काढायचं आणि त्याच ओढीने कातडी छातीला बसवायची. नळीच्या आतल्या टोकाला बारीक भोकं असतात. बाहेर येते तिथे ती रेशमी दोऱ्याच्या टाक्याने कातडीला बांधलेली असते. तिच्यावर ताण आला की दुखतं ते या टाक्यापाशी. आराम हवा तर हा टाका कधीही ओढला जाणार नाही एवढी काळजी घ्यायची. बाकीच्या सगळ्या युक्त्या त्यासाठीच आहेत.

पाण्याचा रंग दिवसागणिक बदलतो. आधी रक्तासारखा लाल, मग गुलाबी, मग कोकमाचं सार पातळ केल्यासारखा, शेवटी गवताच्या काडीसारखा पिवळा. सुरुवातीचा लाल रंग बघून घरचे घाबरतात. त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं की हे असंच व्हायचं असतं.

भाता

पूर्वी जखमेत रबराच्या पट्ट्या ठेवून पाणी पट्टीबांधणीतच मुरू देत. कपडे ओले, वास, वाट उघडी राहिल्याने जंतूंची भीती. १९५४ साली फ्रान्समध्ये हेन्री रेडॉन यांनी बंद बाटलीतल्या निर्वात ओढीने जखम कोरडी ठेवण्याची पद्धत मांडली. युरोपात अजूनही अशा नळीला त्यांच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे वॉर्डात दिसतो तो घड्या-घड्यांचा गोल डबा, आत स्प्रिंग असलेला. त्याला सगळे 'रोमोवॅक' म्हणतात. ते एका कंपनीच्या मालाचं नाव, पण झेरॉक्ससारखं सगळ्यांनाच लागू झालेलं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या एका मैत्रिणीला मोसंबीएवढा सिलिकॉनचा फुगा लावला होता. तत्त्व तेच: दाबून हवा काढा, बंद करा, तो परत फुगायला बघतो आणि फुगताना आतलं पाणी ओढतो.

हे मला समजावून सांगितलं एका निवृत्त सिस्टरनी. तीस वर्षं शल्यविभागात काढलेल्या या बाई आता आठवड्यातून दोनदा मुक्कामाच्या खोल्यांमधून फिरतात. त्यांनी काकूंच्या सुनेला समोर बसवलं.

"बाजाच्या पेटीचा भाता पाहिलायस? नाही? मग लोहाराचा? हां. हा भाता आहे. दाबलेला असेल तरच काम करतो."

मग त्यांनी करून दाखवलं. आधी साबणाने हात. मग नळीवरची चिमटी बंद. डब्याचं बूच उघडायचं, त्याच्या आतल्या कडेला बोट लावायचं नाही. पाणी मापाच्या भांड्यात ओतायचं. हे भांडं याच कामाचं, स्वयंपाकघरातला पेला आणायचा नाही. भांडं सपाट जागेवर ठेवून, डोळे त्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा. पाणी संडासात ओतून टाकायचं. मग डबा जमिनीवर ठेवून तळहाताने पूर्ण चपटा करायचा, आणि चपटा असतानाच बूच घट्ट लावायचं. शेवटी चिमटी उघडायची.

"चिमटी उघडायला विसरलीस तर?"

सून विचारात पडली. "पाणी येणारच नाही."

"आणि तुला वाटेल, बरं झालं, पाणी थांबलं."

नळीत रक्ताच्या गुठळ्या, धाग्यांसारखे तंतू अडकतात. त्या पुढे सरकवायला एका हाताने नळी अंगाजवळ घट्ट धरायची, म्हणजे टाक्यावर ओढ येत नाही, आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने वरून खाली दाबत न्यायचं. सिस्टर नीट शब्द शोधत होत्या तोवर काकूच म्हणाल्या, "म्हशीची धार काढल्यावानी." सिस्टर हसल्या. त्यांच्या तीस वर्षांत हे इतक्या सोप्या शब्दांत सांगणारं कुणी भेटलं नव्हतं म्हणे. सुनेने पहिल्याच झटक्यात बरोबर केलं.

खोटा आकडा

आम्हाला असं कुणी शिकवलं नाही. मावशी जिथे होती त्या रुग्णालयाने तिला संध्याकाळी सहाला सोडलं. हातात औषधांची पिशवी आणि इंग्रजीत छापलेला कागद. त्यावर नळीबद्दल एकच ओळ होती, 'मॉनिटर ड्रेन आउटपुट'. बिलाच्या खिडकीपाशी आम्ही तासभर उभे होतो. तेवढ्या वेळात कुणी हात धरून दोनदा डबा दाबून दाखवला असता तर पुढचं टळलं असतं.

चौथ्या दिवशी काखेचा आकडा १२० वरून एकदम १५ वर आला. पाचव्या दिवशी १०. घरात आनंदीआनंद. काकांनी पेढे आणले. वहीत त्या दोन आकड्यांभोवती मावसबहिणीने हिरव्या शाईने गोल केले आहेत. सहाव्या दिवशी मावशी म्हणाली, काख जड वाटतेय, आत पाणी हिंदकळल्यासारखं होतंय. सातव्या दिवशी नळीच्या कडेने पाणी झिरपून गाऊन ओला झाला, तेव्हा आम्ही धावलो.

डबा इतके दिवस पूर्ण फुगलेलाच होता. बूच किंचित तिरकं बसलं होतं, त्यातून हवा आत जात होती. ओढ संपली होती, म्हणून पाणी आतच साठत होतं. आकडा खरा होता, पण त्याचा अर्थ खोटा होता. आम्ही मिलिलिटर मोजत होतो, भाता चपटा आहे की नाही हे कुणी बघतच नव्हतं.

दुसरी चूकही आमचीच. मध्ये तीन दिवस दोन्ही नळ्यांचं पाणी एकत्र करून एकच बेरीज लिहिली होती. छातीची नळी काढण्याजोगी झाली होती की नाही हे त्यावरून डॉक्टरांना सांगता येईना. ती आणखी तीन दिवस राहिली. एका रकान्याचा आळस, आणि मावशीच्या तीन रात्री गेल्या.

म्हणून माझं आता ठाम मत आहे: नळी लावलेल्या बाईला सोडण्याआधी तिच्या घरच्या माणसाकडून डबा रिकामा करून घ्यावा, समोर उभं राहून. कागद मराठीत असावा, हिंदीत असावा, चित्रांचा असावा. पण हातांनी केलेलं हातांना आठवतं.

धोक्याच्या खुणा सिस्टरनी सुनेला पाठ करायला लावल्या. पाणी पिवळं होत आलं असताना अचानक लालभडक झालं, डबा तासाभरात भरू लागला, ताप चढला, नळीभोवती लाली, पू किंवा घाण वास आला, दाबलेला डबा लगेच पुन्हा फुगला, नळी बाहेर सरकली, तर सकाळची वाट बघायची नाही. सरकलेली नळी स्वतः आत ढकलायची नाही.

चंची, बंडी आणि सदरा

डबा धरायचा कुठे, हा पहिल्याच दिवशी पडणारा प्रश्न. हातात धरला तर एक हात अडकतो, आणि दुसरा आधीच दुखरा. कपड्याला पिनेने टाचला तर भरल्यावर ओझं पिनेवर येतं आणि पिनेची टोचही लागते. काहीजणी प्लॅस्टिकची पिशवी मनगटाला अडकवतात. मनगट हललं की नळी हलते, नळी हलली की टाका.

मावशीने आपल्या सासूची जुनी चंची काढली. पानसुपारीची, कप्प्याकप्प्यांची, खणाच्या कापडाची. दोन कप्प्यांत दोन डबे बरोबर बसले. तिला लांब नाडा लावून ती दुसऱ्या, म्हणजे बऱ्या खांद्यावरून तिरकी घेतली. डबे मांडीच्या वर, जखमेच्या खाली आले. नळीला थोडी ढील राहिली, पण इतकी नाही की दाराच्या कडीत अडकावी. नाड्याची लांबी ठरवायला अर्धा दिवस गेला आणि त्या अर्ध्या दिवसाइतकं काम आम्ही त्या आजारपणात दुसरं कुठलं केलं असेल असं मला वाटत नाही.

काकूंच्या खोलीत मी पाहिलेल्या पिशव्या याच वाणाच्या होत्या. एक जुन्या परकराची. एक शाळेच्या पाण्याच्या बाटलीची, पट्ट्यासकट. आडोशापलीकडच्या नागपूरकडच्या ताईंना त्यांच्या आधी त्या जागेवर राहिलेल्या बाईने आपली पिशवी धुऊन, वाळवून देऊन टाकली होती.

अंघोळ हा वेगळाच पेच. जखम ओली होऊ द्यायची नाही, त्यामुळे ओल्या फडक्याने अंग पुसायचं. पण कंबरेखाली पाणी घेताना डबे कुठे ठेवायचे? नाडा गळ्यात अडकवून, किंवा कुणीतरी धरून. भारतीय पद्धतीच्या संडासात बसताना डबा जमिनीला टेकतो, उठताना पायाखाली येतो. काकू तेवढ्यापुरती पिशवी गळ्यात घालून छातीशी धरायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. असल्या गोष्टी कागदावर कधीच येत नाहीत आणि बाईचा दिवस मात्र त्यांतच जातो.

कपड्यांचं म्हणाल तर डोक्यातून घालायचं काहीच चालत नाही, हात वर जात नाही. पुढून बटणांचा गाऊन, नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना सदरा, नाहीतर बंदांची बंडी. तान्ह्या बाळाला आपण पुढून बंदांची अंगडी घालतो, तीच कल्पना. आमच्या गल्लीतल्या शिंप्याने मावशीला मलमलच्या तीन बंड्या शिवल्या, आतून दोन खिसे. अमेरिकेत अशा खिशांच्या बंड्या तयार मिळतात, असं त्या मैत्रिणीने सांगितलं. आपल्याकडे मलमल आहे, शिंपी आहे, फक्त कुणीतरी आधी सुचवायला हवं. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात शिवून ठेवता येतात.

प्रवासात गाडीचा पट्टा छातीवर येतो, तिथे घडी केलेली ओढणी किंवा लहान उशी ठेवायची. रिक्षात खड्डा आला की दुखऱ्या बाजूच्या कोपराने डबे अंगाशी धरायचे. लोकल शक्यतो नको. परळच्या गर्दीत काकूंची सून त्यांच्या दुखऱ्या बाजूने चालते, स्वतःचं अंग भिंतीसारखं करून.

रात्र

दिवस कसाबसा जातो, रात्र जात नाही. पालथं झोपता येत नाही, शस्त्रक्रियेच्या कुशीवर झोपता येत नाही. पाठीवर झोपायची सवय नसलेल्या बाईला कंबर दुखायला लागते. झोपेत वळलं तर नळी दबेल ही धास्ती असतेच.

उपाय साधे आहेत. पाठीमागे दोन उशा, अर्धवट बसल्यासारखं. दुखऱ्या बाजूच्या हाताखाली, काखेपासून कोपरापर्यंत, मऊ घडी. काकूंकडे त्यांच्याच जुन्या लुगड्यांची वाकळ होती, तिची घडी त्या हाताखाली बरोबर बसायची. गुडघ्यांखाली आणखी एक घडी, म्हणजे कंबर सैल होते. डबे त्याच बाजूला अंथरुणावर, पिशवीतच. लघवीच्या पिशवीसारखं हे उतारावर चालणारं काम नाही, ओढ भात्याची असते, त्यामुळे जमिनीवर झोपणाऱ्या बाईचे डबे शेजारी ठेवले तरी चालतात. फक्त अंगापेक्षा उंच टांगायचे नाहीत. उठताना आधी पिशवी गळ्यात, मग बऱ्या हातावर भार, मग पाय. आणि दुखण्याची गोळी सहन होईनासं होईपर्यंत थांबवून ठेवायची नाही, डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला घ्यायची. आपल्या बायका इथे हमखास चुकतात.

आणखी एक. दंडाची आतली बाजू बधिर झालेली असते, कारण काखेतून जाणारी संवेदनेची एक नस शस्त्रक्रियेत दुखावते किंवा कापली जाते. तिथे मुंग्या येतात, जळजळते, पण स्पर्श कळत नाही. शेक घ्यावासा वाटतो. गरम पाण्याची पिशवी तिथे ठेवू नये, भाजलेलं कळणारच नाही.

हात मात्र आखडून ठेवायचा नाही. मूठ उघड-मिट, कोपर वाकवणं-सरळ करणं हे सुरुवातीपासून. नळ्या असेपर्यंत हात साधारण खांद्याच्या वर नेऊ देत नाहीत, कारण ओढ बसून पाझर वाढतो. नळ्या निघाल्यावर भिंतीवर बोटं चालवत वर जायचं. मावशीच्या स्वयंपाकघराच्या दाराशी अजून खडूच्या रेघा आहेत, एकावर एक अकरा. आम्ही लहान असताना तिथेच मावशी आमची उंची मोजायची.

तीसच्या खाली

बहुतेक डॉक्टर नळी काढायला चोवीस तासांत तीस मिलिलिटरच्या खाली, सलग दोन दिवस, असा हिशेब धरतात. काहीजण वीस म्हणतात. म्हणून मोजण्याची वेळ रोज तीच हवी. आज सातला आणि उद्या दहाला मोजलं तर सत्तावीस तासांचं पाणी होतं आणि बाई उगीच हिरमुसते. साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात, कुणाला जास्त. नळी लवकर काढली तर आत पाणी साठतं, फार दिवस ठेवली तर त्या वाटेने जंतू आत जाण्याची भीती वाढते.

काकूंची छातीची नळी आधी निघाली. काखेची अडून बसली. ४०, ३५, ३८. "जनावरावानी अडलीय," त्या म्हणायच्या. सुनेने आकडे मोबाइलमध्ये न ठेवता कॅलेंडरच्या चौकोनांत लिहिले होते, म्हणजे काकूंनाही खाटेवरून दिसायचे. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा चौकोनांत २६ आणि २२ होते.

नळी काढायला वेळ लागत नाही. टाका कापतात, दीर्घ श्वास घ्यायला सांगतात आणि श्वास सोडताना ओढतात. आतली नळी वाटलं होतं त्यापेक्षा लांब असते. सरकन काहीतरी पोटातून गेल्यासारखं वाटतं, असं काकू म्हणाल्या. वर छोटी पट्टी. बाहेर येऊन काकू बाकावर बसल्या आणि सुनेने पिशवी रिकामी केली, उलटी केली, झटकली, घडी घातली.

चार दिवसांनी काखेत पुन्हा फुगवटा आला. असं पुष्कळजणींना होतं. नळी गेल्यावरही शरीर थोडे दिवस पाणी सोडत राहतं आणि ते सुईने काढून टाकतात. कातडी बधिर असल्याने सुई फारशी कळत नाही. ड्रेसिंगच्या खोलीत तरुण डॉक्टरने मोठ्या सिरिंजने पिवळं पाणी ओढलं, बोळा दाबला आणि हातमोजे काढायला लागला. काकूंनी सुनेकडे पाहिलं. तिच्या पर्समध्ये कॅलेंडरचं फाडलेलं पान आणि पेन होतं.

"डॉक्टरसाहेब," काकू म्हणाल्या, "किती निघालं ते सांगा. आमाला लिहायचंय."

त्याने सिरिंज उजेडात धरून पुन्हा पाहिली. "पंचेचाळीस."

सुनेने लिहून घेतलं.